साक्ष कोणाची? : स्त्रीच्या कामेच्छेविषयीचे संशोधन आणि मुंबईतील दोन नियतकालिके (१९२७–१९५५)

स्त्रीच्या कामेच्छेचा शास्त्रीय अभ्यास हा विषय महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासलेखनात स्वतंत्रपणे फारसा आलेला नाही. तो येतो तेव्हा संततिनियमनाच्या चळवळीचे एक उपांग म्हणून येतो आणि बहुधा र. धों. कर्वे यांच्यावरील खटल्यांच्या हकिकतीपाशी संपतो. वस्तुतः १९२७ ते १९५५ या सुमारे तीन दशकांत मुंबई शहरातून दोन भिन्न प्रकृतीची नियतकालिके या विषयाला वाहिलेली होती. एक मराठी, सामान्य सुशिक्षित वाचकासाठी. दुसरे इंग्रजी, वैद्यक व समाजशास्त्र यांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासकांसाठी. पहिले म्हणजे कर्व्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ आणि दुसरे म्हणजे डॉ. ए. पी. पिल्लई यांचे ‘मॅरेज हायजीन’, जे पुढे ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’ या नावाने ओळखले गेले.

प्रस्तुत लेखात या दोहोंचा विचार एका मर्यादित प्रश्नापुरता केला आहे. स्त्रीला कामेच्छा असते, तिला तृप्ती मिळते अथवा मिळत नाही, तिच्या अडचणी अमुक स्वरूपाच्या आहेत, असे या पानांवर जेव्हा लिहिले गेले, तेव्हा ते कोणाच्या साक्षीवरून लिहिले गेले? पतीच्या, वैद्याच्या, सुधारकाच्या की खुद्द स्त्रीच्या? इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न साधनचिकित्सेचा वाटेल आणि तो तसा आहेही. परंतु त्याचे उत्तर केवळ साधनांपुरते राहत नाही. साक्षीदार बदलला की निष्कर्ष बदलतो, हे या संशोधनाच्या इतिहासात वारंवार दिसून येते.

कर्वे आणि ‘समाजस्वास्थ्य’

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मारी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही याच वर्षी. या कार्यामुळे विल्सन महाविद्यालयातील नोकरी त्यांना १९२५ मध्ये सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला आणि नोव्हेंबर १९५३ पर्यंत, म्हणजे कर्व्यांच्या निधनानंतरच्या महिन्यापर्यंत, हे मासिक चालले. या सर्व काळात पत्नी मालतीबाई यांची त्यांना साथ होती.

तत्कालीन संततिनियमनवादी बहुतांशी दोन युक्तिवाद करीत. एक, वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे आरोग्य ढासळते. दुसरा, लोकसंख्या वाढल्याने दारिद्र्य वाढते अथवा वंशाची प्रत खालावते. दोन्ही युक्तिवादांत स्त्री ही सहन करणारी आहे, इच्छा करणारी नव्हे. कर्व्यांचे वेगळेपण येथे आहे. कामेच्छा ही स्त्रीलाही पुरुषाइतकीच स्वाभाविक आहे, तिच्या तृप्तीवर तिचा अधिकार आहे आणि गर्भधारणेचे भय दूर झाल्याशिवाय तो अधिकार निरर्थक ठरतो, अशी त्यांची मांडणी होती. संततिनियमनाची साधने त्यांच्या दृष्टीने केवळ मुले टाळण्याची साधने नव्हती. स्त्रीला निर्भयपणे सुख घेता यावे यासाठीची ती पूर्वअट होती.

ही मांडणी किती अपवादात्मक होती हे कळण्यासाठी वर्ध्याची एक भेट आठवावी. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर महात्मा गांधींना भेटण्यास वर्ध्याला आल्या. गांधीजींचे म्हणणे असे, की कृत्रिम साधनांची गरज नाही. स्त्रीने पतीला नकार देण्यास शिकले पाहिजे. सँगर यांचा आक्षेप असा, की या उपायात स्त्रीची स्वतःची इच्छा जमेस धरलेलीच नाही. तिलाही ओढ असते. गांधीजींच्या विचारातील स्त्रीस्वातंत्र्याचा अंश नाकारण्याचे कारण नाही. पत्नीचा नकाराचा हक्क त्या काळी कायदाही मानीत नव्हता, तो ते मानीत होते. परंतु नकाराचा हक्क मान्य करणे आणि इच्छेचे अस्तित्व मान्य करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या लेखाच्या शेवटी हाच भेद पुन्हा, वेगळ्या संदर्भात, समोर येईल.

कर्व्यांचे विचार इतके स्पष्ट असूनही त्यांच्या मासिकात स्त्रीची साक्ष कितपत आढळते? ‘समाजस्वास्थ्य’मधील वाचकांची पत्रे व त्यांना दिलेली उत्तरे हा त्या मासिकाचा सर्वांत जिवंत भाग होय. या पत्रव्यवहाराचा सविस्तर अभ्यास श्रीकांत बोत्रे व डग्लस हेन्स यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. पत्रलेखक प्रामुख्याने पश्चिम भारतातील मध्यमवर्गीय पुरुष होते, हे त्यातून पुढे आले. हस्तमैथुनाची भीती, वीर्यनाशाची चिंता, इंद्रियाच्या आकाराविषयीचा न्यूनगंड हे त्या पत्रांतील नित्याचे विषय. स्त्री त्यांत येते ती पत्नी म्हणून: तिचे समाधान होते की नाही, ती उत्सुकता दाखवीत नाही याचे काय करावे, इत्यादी.

म्हणजे येथे एक विलक्षण स्थिती दिसते. संपादक स्त्रीच्या इच्छेचा आग्रही पुरस्कर्ता. विषय स्त्रीच्या समाधानाचा. आणि माहिती देणारा मात्र पती. अर्थात ही माहिती निरुपयोगी ठरत नाही. पत्नीला सुख मिळाले पाहिजे, ही चिंता मराठी मध्यमवर्गीय पुरुषाला १९३० च्या सुमारास वाटू लागली होती, हेच मुळी एक ऐतिहासिक तथ्य आहे. परंतु पतीची चिंता म्हणजे पत्नीचे म्हणणे नव्हे. पत्नी ‘थंड’ आहे असे पती लिहितो, तेव्हा ती दमलेली असेल, आजारी असेल, पुढच्या बाळंतपणाला भीत असेल किंवा तिला तो पती नकोसाही असेल. पत्रात या शक्यता एकाच शब्दाखाली बुजून जातात. उत्तर देणारे कर्वेही त्या शब्दाच्या आधारेच उत्तर देऊ शकत होते.

खटला आणि टोपणनाव

स्त्रियांची पत्रे इतकी कमी का, याचे कारण साक्षरतेच्या प्रमाणात शोधता येईल आणि ते काही अंशी खरेही आहे. तथापि, प्रश्न विचारण्याची किंमत काय होती हेही पाहिले पाहिजे. १९३१ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा पहिला खटला झाला व त्यांना दंड झाला. १९३४ च्या खटल्यात तर आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरच. या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. विकृतीविषयी प्रश्न विचारला गेला म्हणून उत्तर देणे अश्लील ठरत नाही, विकृती असेल तर ती ज्ञानानेच दूर होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

या निकालाची चर्चा सहसा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने होते. साधनांच्या अंगानेही तो महत्त्वाचा आहे. येथे कायद्याने शिक्षा केली ती एका लेखाला नव्हे, तर प्रश्नोत्तराच्या क्रियेला. नावगाव नसलेल्या पुरुषाने विचारलेला प्रश्न जेथे फौजदारी प्रकरण होतो, तेथे एखाद्या विवाहितेने पोस्टाने पत्र धाडावे, ते घरातील कोणाच्या हाती पडू नये आणि उत्तर छापून आल्यावर ते मासिक घरात उघडपणे वाचता यावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणावी लागेल.

याच सुमारास मराठीत स्त्रीचा आवाज दुसऱ्या मार्गाने आला. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा विभावरी शिरूरकर यांचा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि १९३४ मध्ये ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी. सुशिक्षित, मिळवत्या, अविवाहित अथवा परित्यक्त स्त्रियांच्या मनातील ओढ व कोंडमारा हा या लेखनाचा विषय. त्यावरून गदारोळ उठला आणि ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. ते बाळूताई खरे, म्हणजेच पुढील काळातील मालतीबाई बेडेकर यांचे टोपणनाव होते. ललित लेखन हे सर्वेक्षणाची जागा घेऊ शकत नाही, हे मान्य. परंतु कर्व्यांचा दुसरा खटला आणि ‘हिंदोळ्यावर’ हे एकाच वर्षातले आहेत, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. शास्त्राच्या पानावर स्त्रीला स्वतःच्या नावाने बोलण्यास जागा नव्हती. कथेच्या पानावर ती होती, पण उसन्या नावाने. या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने ‘समाजस्वास्थ्य’च्या अंकांशेजारी हे दोन ग्रंथ ठेवूनच वाचले पाहिजेत. वाङ्मय आणि इतिहास या विभागांतील भिंतीमुळे ते सहसा घडत नाही.

पिल्लई यांचे नियतकालिक

ऑगस्ट १९३४ मध्ये ‘मॅरेज हायजीन’ हे त्रैमासिक मुंबईतून निघू लागले. संपादक डॉ. पिल्लई हे वैद्यकीय व्यवसायातील. सुप्रजननशास्त्रावर त्यांची श्रद्धा होती. तीमुळे या नियतकालिकात वंशसुधारणेचा सूर सतत ऐकू येतो, आणि तो आजच्या वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही. १९३७ मध्ये ते बंद पडले, १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाले, लवकरच त्याने ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’ हे नाव धारण केले आणि १९५५ पर्यंत ते चालले. त्याची अमेरिकेतील संपादकीय बाजू प्रारंभी नॉर्मन हाइम्स सांभाळीत. मुंबईहून गेलेले अंक अमेरिकी जकात खात्याने अडवल्याने ते प्रकरण १९३८ मध्ये तेथील संघीय अपील न्यायालयापुढे गेले, आणि न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी हाइम्स यांना ते अंक मिळण्याचा मार्ग मोकळा केला. ज्ञान पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते असे गृहीत धरणाऱ्यांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावे. येथे मुंबईत छापलेले अंक न्यू यॉर्कच्या बंदरात अश्लील ठरू पाहत होते.

मुंबईच्या विद्यापीठीय वर्तुळातही या विषयाचा स्पर्श झाला होता. गो. स. घुर्ये यांनी १९३८ मध्ये मुंबईत भरलेल्या लोकसंख्या व कुटुंबस्वास्थ्यविषयक परिषदेत मुंबईतील मध्यमवर्गीयांच्या कामविषयक सवयींवर निबंध वाचला. घुर्यांचे नाव जातिसंस्थेच्या अभ्यासाशी इतके जोडले गेले आहे, की त्यांच्या लेखनाची ही बाजू विस्मृतीत गेली. किन्सी यांच्या अमेरिकन स्त्रियांविषयीच्या ग्रंथावरही त्यांनी पन्नासच्या दशकात स्वतंत्र पुस्तक लिहिले.

पिल्लई यांच्या नियतकालिकाचे सर्वांत प्रसिद्ध, आणि तरीही मुंबईशी ज्याचा संबंध क्वचितच जोडला जातो असे पान म्हणजे १९५० मधील अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांचा लेख. ग्रेफेनबर्ग (१८८१–१९५७) हे बर्लिनमधील ज्यू स्त्रीरोगतज्ज्ञ. गर्भाशयात बसवावयाच्या कड्यामुळे संततिनियमनाच्या इतिहासात त्यांचे नाव आधीच झालेले. नाझी राजवटीत त्यांना तुरुंगवास घडला आणि पुढे ते न्यू यॉर्कला स्थायिक झाले. स्त्रीच्या कामपूर्तीत, म्हणजे संभोगसुखाच्या परमोच्च क्षणात, मूत्रमार्गालगतच्या भागाचा वाटा काय, हा त्यांच्या लेखाचा विषय होता. १९८१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी या भागाला ग्रेफेनबर्ग यांच्या आद्याक्षरावरून नाव दिले आणि ‘जी-स्पॉट’ हा शब्द जगभर झाला. असा स्वतंत्र बिंदू शरीररचनेत खरोखर आहे काय, याविषयी वाद अद्याप मिटलेला नाही.

त्या लेखातील एक बाब मात्र या वादापेक्षा इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. स्त्रियांमधील ‘थंडपणा’चे प्रमाण निरनिराळ्या लेखकांनी १० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत दिले असल्याची नोंद ग्रेफेनबर्ग यांनी केली आणि एकसारखी व्याख्या नसल्याने हे घडते असे दाखवले. एखाद्या रोगाचे प्रमाण १० ते ८० टक्के असू शकते असे म्हणणे म्हणजे तो रोग नेमका कोणता हे ठरलेले नाही, अशी कबुली देणे होय. फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या मतानुसार प्रौढ स्त्रीची संवेदना शिश्निकेकडून योनिमार्गाकडे सरकली पाहिजे. ती तशी न सरकल्यास ती स्त्री अपरिपक्व. बर्ग्लर व हिट्श्मन यांनी तीसच्या दशकात हे मत इतके ताणले, की अन्य प्रकारे पूर्ण सुख मिळणारी स्त्रीही ‘थंड’ ठरू लागली. जिला स्वतःची काही तक्रार नाही, तिच्यावर वैद्याने तक्रार लादावी, असा हा प्रकार होता.

पिल्लई यांच्या नियतकालिकात हा वाद अनेक अंगांनी खेळला गेला. अभ्यासिका संजम अहलुवालिया यांनी मुंबईतून चाललेल्या या आंतरराष्ट्रीय चर्चेत कामपूर्ती ही सुखाची गोष्ट न राहता सक्तीची कशी झाली, याकडे लक्ष वेधले आहे. त्यांचे निरीक्षण ग्राह्य वाटते. कर्व्यांचा पत्रलेखक पती ज्या चिंतेने ग्रासला होता, तिचेच हे शास्त्रीय रूप होय. पतीच्या जागी वैद्य आला, ‘तिचे समाधान होत नाही’ या वाक्याच्या जागी टक्केवारी आली. बोलणारी स्त्री मात्र त्याही पानावर क्वचितच आहे. ती रुग्ण म्हणून येते, आणि तिचे म्हणणे वैद्याच्या वाक्यात अप्रत्यक्ष कथनाने येते.

पन्नास वर्षे न उघडलेली कागदपत्रे

स्त्रियांनी अशा विषयावर स्वतः साक्ष देणे त्या काळात शक्यच नव्हते, अशी सबब येथे पुढे करता येईल. ती तपासण्यासाठी अमेरिकेतील एका उदाहरणाकडे वळणे आवश्यक आहे, कारण ते काळाने याहून जुने आहे.

क्लीलिया मोशर (१८६३–१९४०) यांनी १८९२ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकत असताना, विवाहित स्त्रियांसाठी एक प्रश्नावली तयार केली. निमित्त साधे होते: मातांच्या एका मंडळात त्यांना विवाहावर बोलावयाचे होते आणि अविवाहित असल्याने स्वतःजवळ माहिती नव्हती. पुढे वैद्यकीय पदवी घेऊन त्या स्टॅनफर्ड विद्यापीठात गेल्या, तरी प्रश्नावली त्यांनी १९२० पर्यंत सुरू ठेवली. एकूण ४५ स्त्रियांनी ती भरली. त्यांतील बहुसंख्य १८७० पूर्वी जन्मलेल्या, म्हणजे ज्या पिढीला कामेच्छाच नव्हती असे समजले जाते त्या पिढीतल्या. या ४५ पैकी ३५ जणींनी आपल्याला इच्छा होते असे नोंदवले आणि ३४ जणींनी कामपूर्तीचा अनुभव असल्याचे सांगितले. मोशर यांनी हे काम कधीच प्रसिद्ध केले नाही. विद्यापीठाच्या संग्रहात ते पडून राहिले. १९७३ मध्ये इतिहासकार कार्ल डेग्लर यांच्या हाती ते लागले आणि १९७४ मधील त्यांच्या लेखाने व्हिक्टोरियन स्त्रीविषयीचा रूढ समज हलवला. उपदेशपर ग्रंथांत काय असावे हे लिहिलेले असते, काय होते हे नव्हे, हा डेग्लर यांचा मुद्दा आपल्याकडील धर्मशास्त्रीय व नीतिपर साधने वापरताना तितकाच लागू आहे.

मोशर यांचा नमुना लहान, सुशिक्षित व मध्यमवर्गीय होता. त्यावरून समग्र समाजाचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. तथापि, येथे महत्त्व संख्येचे नाही. स्त्रीने स्त्रीला, नाव न विचारता, कागदावर प्रश्न दिला आणि उत्तर आले. हीच पद्धत कॅथरिन बेमेंट डेव्हिस यांनी मोठ्या प्रमाणावर वापरली. १९२९ च्या त्यांच्या ग्रंथात २२०० स्त्रियांची उत्तरे आहेत, त्यांपैकी १२०० अविवाहित. अविवाहितेला असे काही विचारावयाचे असते, ही कल्पनाच तोवरच्या संशोधनात नव्हती. शिरूरकरांच्या नायिका आणि डेव्हिस यांच्या उत्तरदात्या या एका अर्थाने समकालीन होत.

वयाचा प्रश्न

सप्टेंबर १९५३ मध्ये आल्फ्रेड किन्सी व त्यांच्या सहकाऱ्यांचा अमेरिकन स्त्रियांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर महिनाभरातच, १४ ऑक्टोबर रोजी, कर्वे निवर्तले. किन्सी यांच्या ग्रंथात ५,९४० गोऱ्या स्त्रियांच्या समोरासमोर घेतलेल्या मुलाखतींचा आधार आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मुलाखती विश्लेषणातून वगळल्या होत्या, हा त्यातील मोठा दोष. योनिमार्गीय परिपक्वतेच्या सिद्धान्ताला त्यांनी शारीर पुराव्याच्या आधारे विरोध केला. त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. वयासंबंधीचे त्यांचे निष्कर्ष तुलनेने दुर्लक्षित राहिले. वैवाहिक जीवनाच्या पहिल्या वर्षात सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रियांना कामपूर्तीचा अनुभव निदान एकदा तरी येतो, आणि हे प्रमाण वर्षागणिक वाढत जाते, घटत नाही, असे त्यांना आढळले. वाढत्या वयात संभोगाचे प्रमाण कमी होते ते प्रामुख्याने पतीच्या वयोमानामुळे, स्त्रीच्या क्षमतेत तितकी घट दिसत नाही, असाही त्यांचा निष्कर्ष होता.

या निष्कर्षाच्या प्रकाशात मुंबईतील नियतकालिकांकडे पुन्हा पाहिले असता त्यांची आणखी एक मर्यादा लक्षात येते. त्यांतील स्त्री ही नवविवाहिता किंवा अपत्यवती तरुणी आहे. चाळिशीनंतरची, ऋतुनिवृत्तीच्या उंबरठ्यावरची अथवा विधवा प्रौढा या चर्चेत सहसा येत नाही, आणि आलीच तर व्याधीच्या संदर्भात. संततिनियमनाच्या प्रश्नातून हा विषय निघाला असल्याने गर्भधारणेचा काळ संपताच शास्त्राचे कुतूहलही संपावे, यात नवल नाही. मात्र कर्व्यांच्या मूळ तत्त्वाशी हे विसंगत आहे. सुख हा जर गर्भधारणेपासून वेगळा हक्क असेल, तर गर्भधारणेचे भय कायमचे टळलेल्या स्त्रीपासूनच त्याचा विचार सुरू व्हावयास हवा होता.

पुढील काळात संशोधनाचे केंद्र पूर्णपणे पाश्चात्त्य देशांत सरकले, तरी १९५० मधील ग्रेफेनबर्ग यांची अडचण सुटली नव्हती. १९९९ मध्ये लॉमन व सहकाऱ्यांनी १८ ते ५९ वयोगटातील अमेरिकनांच्या सर्वेक्षणावरून ४३ टक्के स्त्रियांना कामविषयक विकार असल्याचे जाहीर केले. आदल्याच वर्षी पुरुषांसाठीचे व्हायग्रा हे औषध अमेरिकेत बाजारात आले होते. साहजिकच या आकड्याला औषध कंपन्यांच्या दृष्टीने मोल आले. २००८ मध्ये शिफ्रेन व सहकाऱ्यांनी ३१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत एक प्रश्न अधिक विचारला: या अडचणीचा तुम्हाला त्रास होतो काय? अडचण सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पुन्हा ४३ टक्क्यांच्या आसपासच आले. मात्र ज्यांना त्या अडचणीचा मनस्तापही होता अशा स्त्रिया १२ टक्के निघाल्या. हे प्रमाण सर्वांत अधिक होते ते ४५ ते ६४ या वयोगटात, म्हणजे जवळजवळ १५ टक्के; त्यापुढील वयात इच्छा कमी झाल्याचे सांगणाऱ्या पुष्कळ होत्या, पण त्याचा त्रास मानणाऱ्या कमी. बर्ग्लर यांच्या ‘थंड’ स्त्रीपासून येथवरचे अंतर एका प्रश्नाचे आहे. २०१३ मध्ये सुधारलेल्या अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणातही स्त्रीचा स्वतःचा त्रास ही निदानाची आवश्यक अट राहिली.

भारतात याची समांतर पाहणी फारशी झालेली नाही. परंतु विचारल्यास स्त्रिया सांगतात, याचा भक्कम पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार होता आणि पूर्वी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. तो अभ्यास कामेच्छेचा नव्हता. पण संसर्गाने व वेदनेने ग्रस्त शरीरात ‘इच्छा’ नाही म्हणून ‘थंडपणा’चे निदान करणे किती पोकळ असू शकते, हे त्याइतके दुसऱ्या कशाने दिसत नाही. ‘समाजस्वास्थ्य’ला पत्र धाडणाऱ्या पतींपैकी किती जणांच्या पत्नी अशा दुखण्याने गप्प होत्या, हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५–०६ च्या तिसऱ्या फेरीपासून एक प्रश्न आढळतो: पत्नीने पतीला संबंधास नकार देणे कोणत्या परिस्थितीत योग्य? पतीला लैंगिक आजार असल्यास, त्याचे अन्य स्त्रियांशी संबंध असल्यास, आणि ती थकलेली असल्यास किंवा तिची मनःस्थिती नसल्यास, असे तीन पर्याय तेथे दिले आहेत. स्त्रीची इच्छा या प्रश्नावलीत येते ती एवढीच, नसण्याच्या रूपाने आणि नकाराचे कारण म्हणून. वर्ध्याच्या भेटीत जो भेद पुसट राहिला होता, तो येथेही तसाच आहे. आणि या सर्वेक्षणात स्त्रियांची मुलाखत १५ ते ४९ या वयोगटापुरतीच घेतली जाते. पन्नाशीच्या स्त्रीला तिला केव्हा नको असते, एवढेही विचारले जात नाही.